शिकवलं, पण शिकला का? कामावरच्या प्रशिक्षणाची गोष्ट

गेली दोन वर्षं 'प्रशिक्षणार्थी' हा शब्द गावोगाव ऐकू येतो आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिन्यांची होती, नंतर आणखी पाच महिने वाढवली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांमध्ये पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप देण्याची घोषणा झाली. या सगळ्यावर चर्चा भरपूर झाली, पण ती दोनच प्रश्नांभोवती फिरली: पैसे वेळेवर मिळतात का, आणि पुढे नोकरी पक्की होते का.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा मात्र कुणी विचारताना दिसत नाही. या मुलांना तिथे शिकवतं कोण, आणि कसं? नाव 'प्रशिक्षण' आहे, पण आत प्रशिक्षण चालतं का? मी वीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली निम्मी सुपरवायझर म्हणून, आणि मला हाच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो.

एक ट्रे, एक व्हर्नियर आणि एक ओरडा

पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपमधली गोष्ट. कामावर नवा मुलगा आला होता. आमच्या जुन्या इन्स्पेक्टरने त्याच्या हातात व्हर्नियर दिला. व्हर्नियर म्हणजे जाडी, व्यास मोजायचं हातातलं माप, आमच्याकडचा ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवायचा. "हे असं धरायचं, इथे रेघ जुळते ती बघायची. कळलं ना?" मुलगा "हो" म्हणाला. इन्स्पेक्टर आपल्या कामाला गेला.

जॉब साधा होता. २५ मिलिमीटर व्यासाचे बुश, म्हणजे धातूचे नळीसारखे पोकळ तुकडे, फरक चालणार ०.०५ इकडे किंवा तिकडे. म्हणजे २४.९५ ते २५.०५ मधला पास, बाकीचे लाल पेटीत. दुपारी पाहतो तर चांगले बुश लाल पेटीत आणि वाईट बुश पासच्या ट्रेमध्ये. मी त्या मुलाला चारचौघांत झापलं.

नंतर व्हर्नियर हातात घेऊन त्याचे जबडे पूर्ण मिटवले. शून्य दाखवायला हवं होतं, तो ०.०४ दाखवत होता. तो कधीतरी कुणाच्या तरी हातून पडला असणार. म्हणजे खरा २५.०२ चा चांगला बुश त्याला २५.०६ दिसत होता, म्हणून नापास. खरा २४.९३ चा वाईट बुश २४.९७ दिसत होता, म्हणून पास. मुलगा जे दिसतंय ते अगदी बरोबर वाचत होता. माप घेण्याआधी शून्य तपासायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इन्स्पेक्टर स्वतः ते रोज करायचा, पण इतक्या सवयीने, की ते 'सांगण्यासारखं' आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो ट्रे पुन्हा मोजायला दोन माणसांचा अर्धा दिवस गेला. तो मुलगा पंधरा दिवसांत काम सोडून गेला. चूक त्याची नव्हती, माझी होती, हे मला कळायला मात्र बरीच वर्षं लागली.

सांगणं वेगळं, दाखवणं वेगळं, शिकवणं वेगळं

ही अडचण आपल्याच कारखान्यांची नाही. १९४० मध्ये, दुसरं महायुद्ध युरोपात पेटलेलं असताना, अमेरिकेला अचानक प्रचंड प्रमाणात शस्त्रसामग्री बनवायची होती. जुने कारागीर कमी आणि नवखे लोक हजारोंनी. त्यासाठी सरकारने एक कार्यक्रम सुरू केला, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'. त्याचा पाया होता चार्ल्स अ‍ॅलन या शिक्षकाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणी कामगारांसाठी वापरलेली चार पायऱ्यांची पद्धत. या कार्यक्रमाचं वेगळेपण असं, की त्याने नवख्या कामगारांना थेट शिकवलंच नाही. जे त्यांना शिकवणार होते, त्या सुपरवायझर आणि जुन्या हातांना 'शिकवायचं कसं' ते शिकवलं. १९४५ पर्यंत १६,००० हून अधिक कारखान्यांतल्या साधारण साडेसतरा लाख लोकांनी हे वर्ग पूर्ण केले. युद्धानंतर हीच पद्धत जपानात गेली, टोयोटाने १९५० च्या दशकात ती उचलली, आणि तिथल्या शिकवण्यात ती आजही दिसते.

त्या वर्गाची सुरुवात मला फार आवडते. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एका वेळी दहाएक जण. पहिल्याच बैठकीत प्रशिक्षक एक गाठ शिकवायचा. दिव्याच्या होल्डरमध्ये दोन पदरी वायर आत घेतल्यावर तिला गाठ मारतात, म्हणजे दिव्याचा भार स्क्रूवर न येता गाठीवर येतो. लोंबत्या बल्बच्या होल्डरमध्ये आपल्याकडचे जुने वायरमनही अशी गाठ मारत. आधी प्रशिक्षक ही गाठ कशी मारायची ते फक्त तोंडाने सांगायचा: उजवा पदर असा घ्या, डाव्यामागून न्या, फासातून काढा. मग समोरच्या एकाला म्हणायचा, मारा गाठ. जमायचं नाही. मग दुसऱ्याला न बोलता फक्त मारून दाखवायचा. त्यालाही जमायचं नाही, कारण समोर बसलेल्याला सगळं उलटं दिसतं आणि बोटं झरझर चालतात. तिसऱ्याला मात्र पद्धतशीर शिकवायचा, आणि त्याला जमायचं.

पाच मिनिटांत त्या अनुभवी सुपरवायझर मंडळींना कळायचं, की आपण आयुष्यभर पहिल्या दोन पद्धतींनाच शिकवणं समजत आलो.

चार पायऱ्या, आणि त्याआधीची एक

चार पायऱ्या बोलायला सोप्या आहेत. पहिली, माणसाला तयार करणं: त्याला निवांत करा, आधी काय येतं ते विचारा, हे काम कशासाठी आहे ते सांगा, आणि त्याला आपल्या शेजारी उभं करा, समोर नाही. दुसरी, काम करून दाखवणं. तिसरी, त्याच्याकडून करून घेणं. चौथी, त्याला एकट्याला कामावर सोडणं, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून, आणि सुरुवातीला वरचेवर येऊन बघत.

खरी मेहनत मात्र या चारांच्या आधी आहे. तिला कामाची फोड म्हणू. आपण जे काम सराईतपणे करतो, ते कागदावर दोन रकान्यांत लिहून काढायचं. एका रकान्यात टप्पे, दुसऱ्यात त्या टप्प्याची खुबी. खुबी म्हणजे ती बारीकशी गोष्ट, जी चुकली तर काम बिघडतं, जखम होते किंवा उगाच त्रास वाढतो.

उकडीचे मोदक घ्या. टप्पे कुणालाही पाठ असतात: उकड मळा, पारी करा, सारण भरा, कळ्या पाडा, मिटवा, वाफवा. एवढ्यावर मोदक होत नाही, हे ज्याने पहिल्यांदा केलाय त्याला विचारा. खुबी अशी, की उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायची. का? गार झाली तर पारीला चिरा जातात. पारी कडेला पातळ हवी. का? कळ्या गोळा झाल्या की वर पिठाचा गोळा साठतो. आईला विचारलं तर ती म्हणते, "अंदाजाने कर." ती लपवत नसते. तिच्या बोटांना जे माहीत आहे ते तिच्या तोंडापर्यंत कधी आलेलंच नसतं. फोड करायची ती त्यासाठीच.

आमच्या व्हर्नियरची फोड मी नंतर केली. टप्पे चारच: पुसा, शून्य बघा, जॉब (म्हणजे मोजायचा तुकडा) धरा, वाचा. खुबी मात्र भराभर निघत गेल्या. जबड्यात तेलकट कण राहिला तर माप वाढतं. जॉबच्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार, असेल तर ती आधी काढायची. अंगठ्याने जोर लावायचा नाही, टेकेल इतपतच. जॉब तिरपा धरायचा नाही. रेघ बाजूने नव्हे, सरळ समोरून वाचायची. हे सगळं इन्स्पेक्टरच्या हातात होतंच. कागदावर यायला आम्हा दोघांना मिळून चाळीस मिनिटं लागली.

मग दाखवायचं ते तीनदा. पहिल्यांदा फक्त टप्पे बोलत. दुसऱ्यांदा टप्पे आणि खुबी. तिसऱ्यांदा टप्पे, खुबी आणि 'का'. त्यानंतर शिकणाऱ्याची पाळी, त्याच क्रमाने. आधी तो नुसतं करून दाखवेल, चूक दिसली की तिथल्या तिथे थांबवायचं, सवय पडायच्या आत. मग टप्पे सांगत करेल, मग खुबी सांगत, मग 'का' सांगत. "कळलं का?" हा प्रश्न इथे पूर्ण बाद. आपल्याकडे त्याला "हो" हे एकच उत्तर असतं. नवा माणूस साहेबांना "नाही कळलं" कसा म्हणेल? त्याने कारण स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तरच कळलं.

त्या अमेरिकन वर्गात एक छोटं कार्ड खिशात ठेवायला देत. त्यावर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही. ते मला आजही बोचतं.

एक दिवसाचं सेशन विसरायला का होतं

दुसरीकडे आपल्या ओळखीचं चित्र आहे. हॉटेलातला हॉल, शंभर स्लाइड, चहा-बिस्किटं, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. सोमवारी सगळे जिथे होते तिथेच. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

याचं कारण माणसाच्या स्मरणात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठराविक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, त्यावरून किती टिकलं ते मोजायचं. निष्कर्ष असा, की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत झपाट्याने होतं, मग वेग मंदावतो. घागर पहिल्या तासातच निम्मी गळते, उरलेलं थेंब थेंब जातं, असं काहीसं. पण त्याला हेही दिसलं, की उजळणी एका दमात करण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केली तर कमी कष्टात जास्त टिकतं.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग २००६ चा, रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांचा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे वाचताना "येतंय मला" असं वाटणं फसवं असतं, आणि डोक्याला ताण देऊन आठवणं, तेव्हा अवघड वाटलं तरी, पक्कं बसतं. शॉप फ्लोअरवर याचा अर्थ साधा आहे. आठ तासांचं एक सेशन घेण्यापेक्षा शिफ्ट सुरू होताना रोज दहा मिनिटं घ्या, आणि त्यात पुन्हा सांगू नका, विचारा. "काल शिकलास त्यातल्या तीन खुबी सांग बरं."

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के, असा एक त्रिकोण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर हमखास असतो. त्या आकड्यांना आधार नाही. ज्या एडगर डेल यांच्या नावावर तो खपवतात, त्यांच्या १९४६ च्या मूळ आकृतीत टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले. करून शिकणं महत्त्वाचं आहेच, त्यासाठी खोट्या आकड्यांची गरज नाही.

मग वर्ग, व्हिडिओ, सिम्युलेटर बंद करायचे का?

अजिबात नाही. प्रत्येकाची जागा वेगळी आहे. कंपनीचे नियम, रजा, पीएफ, आगीच्या वेळी कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे वर्गात पन्नास जणांना एकदम सांगता येतं. व्हिडिओचा मोठा फायदा हा, की हाताची हालचाल थांबवून, मागे नेऊन पाहता येते. वर गाठीबद्दल म्हटलं तशी बोटं झरझर चालतात तिथे तो फार उपयोगी. पण व्हिडिओ तुमचा अंगठा किती जोरात दाबतोय ते बघू शकत नाही. यूट्यूबवर पाहून पोहायला शिकलेला कुणी मला अजून भेटलेला नाही.

काही कामं अशी असतात की तिथे चुका करत शिकायची सोयच नाही. विमान चालवणं हे त्यातलं ठळक. म्हणून एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच उडवायचं नकली विमान बनवलं, आणि आजचे सिम्युलेटर त्याच वाटेने आले. आपल्याकडचं रोजचं उदाहरण म्हणजे पॉवर प्रेस, पत्रा दाबून कापायचं यंत्र. तिथे पहिली चूक बोटं घेऊन जाते. १९४८ च्या कारखाने कायद्यातही तरुण कामगाराला धोका समजावून सांगितल्याशिवाय आणि पुरेसं प्रशिक्षण किंवा देखरेख असल्याशिवाय धोकादायक यंत्रावर लावू नये, असं कलम होतं. तरी पहिल्याच दिवशी "माणूस कमी आहे, तू बस प्रेसवर" असं हेल्परला सांगितलेलं मी ऐकलं आहे. हे लिहिताना आजही संताप येतो. अशा ठिकाणी यंत्र बंद ठेवून सराव, मग देखरेखीखाली सराव, आणि मगच काम. यात सवलत नाही.

'शिकवायला वेळ कुठून आणू?'

सुपरवायझर हा पहिला प्रश्न विचारतात, आणि त्यांच्यावर उत्पादनाचा दबाव खरोखर असतो. माझं उत्तर तो ट्रे आहे. फोड करायला चाळीस मिनिटं, शिकवायला साधारण तेवढीच. न शिकवल्यामुळे दोन माणसांचा अर्धा दिवस, आणि एक मुलगा गेला तो वेगळाच. शिवाय फोड एकदा केली की पुढच्या प्रत्येक नव्या माणसाला उपयोगी पडते.

'तयार केला की पळून जातो'

हा आक्षेप खोटा नाही. लहान कारखानदाराने शिकवायचं आणि मोठ्या कंपनीने दोन हजार जास्त देऊन उचलायचं, हे चाकण-भोसरीत रोज घडतं. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात याची नीट मांडणी केली. कौशल्य दोन तऱ्हेचं: कुठेही चालणारं, आणि फक्त याच कंपनीत चालणारं. कुठेही चालणाऱ्या कौशल्याचा खर्च मालक आनंदाने करत नाही, म्हणून तो शिकणारा माणूसच कमी पगार घेऊन उचलतो. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, उमेदवारी. सोनाराकडे, शिंप्याकडे मुलगा उमेदवारी करायचा ती याच हिशेबाने.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हाच सौदा कागदावर आणतो. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. म्हणजे लहान मालकाचा भार थोडा हलका होतो. पण सौद्याची दुसरी बाजू पाळली गेली पाहिजे. माणूस कमी पैशात राबतो तो शिकण्याच्या बदल्यात. शिकवलं नाही, तर ती उमेदवारी नव्हे, ती स्वस्त मजुरी आहे.

आणि माझ्या डोळ्यांसमोर जे लोक सोडून गेले, त्यातले बरेचसे पहिल्या महिन्यातच गेले. जास्त पगाराला ते गेले नाहीत. न शिकवता लावलेल्या कामावर चारचौघांत झाप खाल्ली, म्हणून गेले.

'कारागिरी शब्दांत सांगता येते का?'

पूर्ण नाही येत. लेथवर, म्हणजे जॉब फिरवत कापायच्या यंत्रावर, इनसर्टची (हत्याराच्या टोकाला बसवलेल्या छोट्या पात्याची) धार गेली की आवाज बदलतो, जुना ऑपरेटर पाठ फिरवूनही ते ओळखतो. हे कागदावर कसं लिहिणार? माणसाला जितकं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, हा विचार माइकल पोलान्यी या विचारवंताने मांडला, तो अशाच ज्ञानाबद्दल. पण लिहिता येत नाही म्हणून शिकवता येत नाही असं नाही. जुन्या माणसाला एवढंच सांगायचं: आवाज बदलला की त्या क्षणी मुलाला हाक मार. "हा ऐक. आता हा इनसर्ट काढून नवा लावतो. आता ऐक." दोन आवाज लागोपाठ ऐकले की कान तयार व्हायला लागतो. नुसतं सहा महिने शेजारी उभं राहून हे होईलच याची खात्री नाही, कारण नव्या माणसाला नेमकं कुठे कान द्यायचे तेच माहीत नसतं.

सर्वांत कुशल कारागीर सर्वांत चांगला शिक्षक असतोच असं नाही, त्याचंही हेच कारण. ज्याला काम येतं, पण आपण अडखळलो होतो ते दिवस अजून आठवतात, तो बहुतेक वेळा चांगलं शिकवतो.

शिकला हे ठरवायचं कशावरून

डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये यासाठी चार कसोट्या मांडल्या, त्या अजून वापरात आहेत. लोकांना प्रशिक्षण आवडलं का? त्यांना ते आलं का? कामावर ते तसं करतात का? आणि त्यामुळे कामात फरक पडला का? बहुतेक कंपन्या फीडबॅक फॉर्म भरून घेतात, म्हणजे पहिल्या कसोटीवरच थांबतात. जेवण चांगलं होतं, सर छान बोलले, पाच पैकी पाच. खरी माहिती तिसऱ्या कसोटीत आहे, आणि ती फुकट मिळते: पंधरा दिवसांनी त्या मशीनपाशी जाऊन दहा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि बघायचं, तो माप घेण्याआधी शून्य तपासतो का.

तुम्ही स्वतः प्रशिक्षणार्थी असाल तर

तुम्ही कुठल्याही योजनेतून रुजू झाला असाल, कारखान्यात, बँकेत किंवा तहसील कचेरीत, तर पहिल्या आठवड्यात विचारा: या महिन्यात मी नेमकं कोणतं काम शिकणार आहे? ते मला आलं हे कोण तपासणार? दाखवल्यावर म्हणा, "आता मी करतो, तुम्ही बघा." हे उद्धटपणाचं नाही, आणि चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. रोज संध्याकाळी वहीत दोन रकाने करा, टप्पे आणि खुबी, न बघता आठवून भरा, आणि जिथे जागा रिकामी राहील तोच उद्याचा प्रश्न. आणि एका माणसाचं नाव आजच विचारून ठेवा: अडलं तर मी कुणाकडे यायचं?

त्या बुशच्या ट्रेसमोर उभ्या असलेल्या मुलाकडे ते नाव नव्हतं.